दोन कड्यांचं फाटक

गिरणीतल्या पारख्याचं पत्र मामांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं.

“केसाळ,” ते म्हणाले. “माझ्या बहिणीच्या लोकरीला केसाळ म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.”

“आता झाली,” बारक्या म्हणाला. “नऊ पोती परत आलीत, मामा. शेडमध्ये पडलीत. जाऊन हात घालून बघा.”

“हात कशाला घालू? पत्र वाचलंय ना मी.”

घरातला सगळ्यांत धाकटा म्हणून त्याचं नाव बारक्या पडलं होतं. आता तो चाळिशीला टेकला होता, वाकल्याशिवाय त्याला दारातून आत येता येत नव्हतं, पण नाव तेच राहिलं. कळपाचं सगळं काम गेली आठ वर्षं तोच बघत होता. शेवटचा शब्द मात्र अजून आप्पांचा होता, आणि आप्पा सकाळपासून मूग गिळून बसले होते.

ते शेगडीजवळच्या खुर्चीत होते. हातातला चहा गार झाला होता. सूनबाईने तो न विचारता काढून घेतला, मोरीत ओतला आणि दुसरा कप हातात दिला. तोही ते तसाच धरून बसले.

दुपारी मेंढेवाला ट्रक घेऊन येणार होता, त्याचे मेंढे घ्यायचे की नाही एवढंच ठरवायचं होतं. ट्रकमध्ये जड जातीचे दोन मेंढे असणार होते. बारक्यानेच त्याला बोलावलं होतं. त्या मेंढ्यांची कोकरं चार महिन्यांत एवढी भरतात की आपली सात महिन्यांतही तेवढी भरत नाहीत. लोकर मात्र त्यांची गादीत भरायच्या लायकीची. या हंगामात सगळ्या मेंढ्यांवर ते सोडले, की पुढच्या वर्षीपासून या कळपाची लोकर कुणी हातात घेणार नव्हतं. आणि एकदा गेलेली लोकर परत आणायला माणसाचं आयुष्य लागतं. हे त्या खोलीतल्या पाचही जणांना माहीत होतं.

“पस्तीस वर्षं लागली हा कळप उभा करायला,” ताई म्हणाली. “आणि तू एका दुपारी संपवणार.”

“मी संपवत नाही गं. संपलाय, एवढंच सांगतोय.”

“आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही.”

“आईचं नाव मध्ये आणू नकोस, ताई. आईच असती तर तिनेच ही पोती उकिरड्यावर फेकली असती.”

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती शहरात माग चालवायची आणि दर वर्षी घरची लोकर घेऊन जायची. आज ती सकाळच्या बसने आली होती. आली तेव्हापासून तिच्या पिशवीत काहीतरी होतं आणि ती ते बाहेर काढत नव्हती. आता तिने काढलं. गडद निळ्या कापडाचा हातभर तुकडा होता. तिने तो टेबलावर पसरला आणि उजेडाकडे सरकवला.

निळ्या कापडातून पांढरे, ताठ केस बाहेर आले होते. रंगाने त्यांना शिवलंसुद्धा नव्हतं.

“दाढीचे खुंट उगवल्यासारखं दिसतंय,” मामा म्हणाले.

“गिऱ्हाईक म्हणालं, यावर कुत्रं बसलं होतं का,” ताई म्हणाली. तिला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही तिने नाकातच परतवलं. “मी म्हटलं, नाही, ही माझ्या आईच्या कळपाची लोकर आहे. म्हणजे बघा, तेव्हा तरी खरं वाटत होतं मला ते.”

बारक्याने कापडावरून अंगठा फिरवला. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. आप्पांनी ते पाहिलं. मुलगा कोडगा नव्हता. कोडगा असता तर त्याच्यावर ओरडणं सोपं गेलं असतं.

“माझं ऐकाल तर सांगतो,” मामा म्हणाले. ऐकलं नसतं तरी त्यांनी सांगितलंच असतं. “पहिल्या अकरा मेंढ्या आमच्या घरून आल्या. आमच्या वडिलांनी दिल्या. तेव्हापासून तेच रक्त फिरतंय. रक्त थकतं हो, भावोजी. माणसाच्या घराण्यात नाही का, आजोबा पैलवान, बाप बरा, आणि नातू जिना चढताना धापा टाकतो? तसं झालंय. बारक्या म्हणतो ते मला पटतं. नवीन रक्त आणा.”

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. “मामा, तुम्ही काल फोनवर मला म्हणालात की कळपाला हात लावू देणार नाही.”

“काल मी पत्र वाचलं नव्हतं.”

आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. कुंपणाजवळ पैलवान उभा होता. मामांनी आत्ता पैलवान म्हटलं ते माणसाला, हा बाहेरचा पैलवान म्हणजे मेंढा. गेल्या हंगामाआधी आप्पांनी तो बाजारातून आणला होता. अशी पाठ त्यांनी उभ्या आयुष्यात हाताखाली घेतली नव्हती. रुंद, सपाट, मणक्याच्या दोन्ही बाजूंना भरलेली, भरलेला पेला ठेवला तर सांडणार नाही अशी. तो आणला त्या दिवशी त्यांची बायको आतल्या खोलीत अंथरुणावर पडून होती. तिने उशीवरूनच विचारलं होतं, “अहो, मांडी पाहिलीत ना?”

“पाहिली,” ते म्हणाले होते. “रेशमासारखी आहे.”

ती हसली होती. “रेशमासारखी मांडी कुणाची नसते. माझीसुद्धा नव्हती.”

त्यांनी मांडीवरची लोकर पाहिली नव्हती. खांदा पाहिला होता. खांद्यावरची लोकर मऊ होती, दाट होती, आणि त्या पाठीपुढे त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. तीन आठवड्यांनी ती गेली.

“मी एक बोलतो,” बारक्या म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “कुणी राग मानू नका. आई दोन वर्षं आजारी होती. बोटं सुजायची तिची. सुई धरता येत नव्हती. आपण सगळ्यांनी पाहिलंय. पैलवान निवडताना तिच्या हाताला कळलं नसेल. चुकलं तिचं. माणूस आहे, चुकतं. पण आता त्या चुकीवर अख्खा कळप…”

“हो,” ताई म्हणाली.  “असेल तसं. शेवटी शेवटी तिला माझे केससुद्धा विंचरता येत नव्हते.”

मामांनीही मान हलवली. “बिचारी,” ते म्हणाले.

आणि झालं. दोन मिनिटांत तिघांचं एकमत झालं. सकाळपासून भांडत होते, ते तिच्या बोटांवर येऊन शांत झाले. आप्पांनी कप खाली ठेवला.

“तिने निवडला नाही तो,” ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वेळाने आवाज आला म्हणून असेल, पण सूनबाईसुद्धा हातातलं फडकं तसंच धरून वळली.

“म्हणजे काय?” बारक्या म्हणाला. “फाटकातून आत आला ना तो?”

“आला.”

“मग दोघांनीच आणला. एकट्याला उघडत नाही ते.”

घरात हे फाटक सगळ्यांना पाठ होतं. मागच्या आवारात लाकडी फळ्यांची एक अरुंद वाट होती, एक मेंढी जेमतेम मावेल एवढी. वाटेच्या शेवटी फाटक, उघडलं की मेंढीला बाजूच्या वाड्यात वळवणारं. त्याला डावीकडे एक कडी आणि उजवीकडे एक कडी. डावीकडे आप्पा उभे राहायचे, उजवीकडे ती. मेंढी आली की आप्पा तळहाताने पाठ दाबायचे, कंबर चाचपायचे, मणक्याच्या कडेला किती मांस धरलंय ते बघायचे. त्याच वेळी ती पलीकडून दोन्ही अंगठ्यांनी लोकर दुभागायची. बोलायचं कुणीच नाही. पटली तर आपली कडी उचलायची. दोन्ही कड्या उचलल्या गेल्या तरच फाटक राखायच्या वाड्यात उघडायचं. एकही खाली राहिली की मेंढी सरळ पुढे, विकायच्या वाड्यात. का नाही उचलली, हे दुसऱ्याने विचारायचं नाही. कळपाच्या पहिल्याच वर्षी या ‘का’वरून दोघांत असं भांडण झालं होतं की चार दिवस चूल आणि माणूस दोन्ही थंड होते. त्यानंतर आप्पांनी स्वतःच्या हाताने दुसरी कडी ठोकली. लोकर आणि मांस दोन्ही एका अंगावर टिकलं ते त्या कडीमुळे. एकट्या आप्पांच्या हातात असतं तर कळप गोणीसारखा झाला असता. एकट्या तिच्या हातात असतं तर नुसत्या लोकरीखाली काठ्या उरल्या असत्या.

“उघडतं,” आप्पा म्हणाले. “वाकलं की पलीकडच्या कडीला हात पुरतो. मी दोन्ही उचलल्या.”

सूनबाईने फडकं खाली ठेवलं.

“मांडी बघितली नाही मी. खांदा बघितला. तिने मला विचारलं, आणि मी बघितली म्हणून सांगितलं. तिच्या बोटांचा काही संबंध नाही. तिची बोटं चांगली होती.”

“आप्पा,” ताई म्हणाली. “तुम्ही आईला खोटं सांगितलंत?”

“हो.”

“ती आत पडलेली असताना?”

“हो म्हटलं ना.”

ताईने निळं कापड गोळा केलं आणि पिशवीत कोंबलं. घडी न घालता. जिने आयुष्यभर कापडाच्या घड्या घातल्या, तिने.

पहिल्यांदा बोलले ते मामाच. “म्हणजे रक्त थकलेलं नाही!” ते खुर्चीत सरळ झाले. “मी म्हणतच होतो. आमच्या घरच्या मेंढ्या अशा नव्हेतच.”

“मामा, तुम्ही पाच मिनिटांपूर्वी…”

“पाच मिनिटांपूर्वी मला कुणी काही सांगितलं नव्हतं!”

बारक्या उठला, दोन पावलं चालला, परत आला. स्वयंपाकघर त्याला चालायला पुरत नव्हतं. “ठीक आहे. चूक तुमची असेल, आप्पा. पण चूक कुणाची हा माझा प्रश्नच नाही. केस आहेत ना कोकरांच्या अंगावर? ते कुणाच्या चुकीने आले म्हणून गळून पडणार आहेत का? आईची बोटं बरोबर होती, मान्य. आता ती बोटं आणायची कुठून? डावीकडे तुम्ही आहात. उजवीकडे कोण?”

 गेले अकरा महिने आप्पा हाच प्रश्न टाळत आले होते. पत्र आल्यापासून तर रोजच.

“सगळ्यांच्या अंगावर नाहीत,” सूनबाई म्हणाली.

ती असल्या वादात कधी बोलत नसे, आणि बोलली तर कामाचंच. “गेल्या वर्षी अर्ध्या मेंढ्या पैलवानाकडे होत्या, अर्ध्या हेडमास्तरकडे.” हेडमास्तर म्हणजे जुना मेंढा, तोंड लांबट आणि चेहऱ्यावर कायम नाराजी. “पैलवानाच्या कोकरांचा खुणेसाठी डावा कान कापलाय, हेडमास्तरच्यांचा उजवा. पोत्यात आपण सगळ्यांची लोकर एकत्र भरली. म्हणून पारख्याने सगळीच परत पाठवली. वेगळी करून बघितली कुठे कुणी?”

बारक्याने बायकोकडे पाहिलं. “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही ट्रक बोलावलात.”

मामा खोकले. खोकल्यासारखं काही झालं नव्हतं.

“ट्रक यायला तीन तास आहेत,” आप्पा उठत म्हणाले. “मेंढ्या आत घ्या.”

* * *

अठ्ठावन्न मादी कोकरं होती, सहा महिन्यांची, आणि दीड महिन्यापूर्वीच पहिल्यांदा कातरलेली. बारक्याने त्यांना मागून हाकत वाटेत घेतलं. मामा एका उलट्या बादलीवर बसून मोजणार होते. ऊन होतं, पण वारा गार होता. आप्पा डावीकडे जाऊन उभे राहिले. उजवीकडे ताई जाऊन उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

“लोकर मला कळते,” ती म्हणाली. आप्पांकडे न बघता.

पहिलं कोकरू आलं. आप्पांनी पाठ दाबली. बरी होती. त्यांनी कडी उचलली. ताईने खांद्यावरची लोकर दुभागली आणि कडी उचलली. दुसरं आलं, तिने उचलली. तिसरं, चौथं, पाचवं. सहाव्याला बारक्या मागून ओरडला, “ताई, डावा कान कापलाय त्याचा! पैलवानाचं आहे ते!”

“मग? मऊ आहे.”

“मांडी बघ.”

तिने मांडी पाहिली. मग तिने हात कडीवरून काढला आणि फळीवर ठेवला. आखूड लोकरीतून पांढरे राठ केस ताठ उभे होते, नीट पाहिलं तर चार हातांवरूनही दिसावेत असे.

“खांद्यावर सगळ्यांचीच चांगली असते,” सूनबाई म्हणाली. ती फळीच्या पलीकडे आली होती. “मांडीवर कळतं. पण नुसतं दिसून चालत नाही. काहींचे आत दबलेले असतात. बोटाला लागतात.”

“तुला कसं माहीत?”

“विण्याच्या आधी मेंढ्यांच्या मागची लोकर कोण साफ करतं, ताई? दहा वर्षं मीच करतेय. या कळपातल्या प्रत्येक मेंढीची मागची बाजू मला तोंडापेक्षा जास्त ओळखीची आहे.”

मामा बादलीवरच हसायला लागले. ताईलाही हसू आलं. या वेळी ते तिने परतवलं नाही. ती वाटेच्या कडेने मागे सरली. “ये,” ती म्हणाली. “तुझी जागा आहे.”

सूनबाई लगेच गेली नाही. तिने आधी आप्पांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बारक्या कोकरांच्या गर्दीत गुडघ्यापर्यंत बुडाला होता. “जा की,” तो म्हणाला. “माझ्याकडे काय बघतेस? मेंढी इकडे आहे का?”

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

हेडमास्तरची कोकरं आली तेव्हा तिची कडी बहुतेक वेळा वर गेली. खाली राहिली ती आप्पांचीच, कारण हेडमास्तरच्या बऱ्याच लेकींना कंबर नव्हती. काहींच्या पाठीचा मणका तळहाताला पन्हाळीच्या पत्र्यासारखा लागत होता. डाव्या कानाची आली की उलट व्हायचं. आप्पांच्या हाताखाली पाठीमागून पाठ येत होती. भरलेल्या, घट्ट, मांसाने गच्च. आप्पा कडी उचलून धरायचे. पलीकडे सूनबाई अंगठ्यांनी लोकर दुभागायची, बोटं आत घालायची, थांबायची. आणि तिची कडी खाली.

एक गेलं. दुसरं गेलं. सात गेली.

आठवं आलं तेव्हा आप्पांच्या तोंडून निघालंच, “अगं, ही तर…”

सूनबाईने हात थांबवला. आप्पांनी तोंड मिटलं. विचारायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच केला होता, आणि तो पाळणं केवढं जड असतं हे पस्तीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ती होती तेव्हा रात्री जेवताना ती आपणहून सांगायची, अमक्या मेंढीचं असं होतं, तमकीचं तसं. त्यामुळे विचारायची वेळच येत नसे. कोकरू पुढे गेलं.

मग एका डाव्या कानाच्या कोकराला दोन्ही कड्या वर गेल्या आणि फाटक कर्रर्र करून उघडलं. आप्पांनी चमकून पलीकडे पाहिलं.

“हिची स्वच्छ आहे,” सूनबाई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की बोलायचं नसतं. “चुकले.”

“असू दे,” आप्पा म्हणाले. “चांगलं असलं तर बोलावं माणसाने.”

शेवटचं कोकरू गेल्यावर मामांनी बादलीवरूनच वाचून दाखवलं. हेडमास्तरची सत्तावीस, त्यातली राखायची पंधरा. पैलवानाची एकतीस. त्यातली राखायची सहा.

“एकतीसमधली सहा,” बारक्या म्हणाला. राखायच्या वाड्यात शिरून त्याने त्या सहांपैकी एकीला धरलं, पाठीवर पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिला उलटं फिरवून मांडीवरची लोकर बघितली, ओबडधोबड बोटांनी, पण बघितली. “आप्पा, अशी मेंढी आपल्याकडे आहे का दुसरी?”

“नाही.”

“कधी होती?”

“नाही.”

“आई काय म्हणाली असती?”

“सहाच का, म्हणाली असती.”

बारक्याने मेंढीला सोडलं. “सगळ्यांवर जड मेंढे नाही सोडत मी,” तो म्हणाला, आणि हे कुणी आपल्याकडून काढून घेतलं असं वाटू नये म्हणून घाईने पुढे बोलला, “पण ज्या मेंढ्या म्हाताऱ्या झाल्यात, ज्यांची लोकर उतरलीय, त्यांच्यावर सोडणार. त्यांची कोकरं सगळी बाजाराला. एकही राखायचं नाही. बाकीचा कळप तसाच, दोन कड्यांनी. हे मात्र ऐकावं लागेल, आप्पा. मांसावर घर चालतंय सध्या.”

“ऐकलं,” आप्पा म्हणाले. “लोकर पडली तेव्हा मांसाने तारलं, मांस पडलं तेव्हा लोकरीने. यात मला काय नवीन सांगतोस?”

“मग आधीच बोलायचं होतं ना!”

“आधी बोलायला दुसरंच होतं.”

मेंढेवाला आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जाडजूड, बडबडा माणूस. उतरल्या उतरल्या त्याने आपल्या मेंढ्यांचं कौतुक सुरू केलं, आणि कुंपणाशी उभा असलेला पैलवान दिसल्यावर ते अर्ध्यावरच सोडलं.

“हा कुणाचा?”

“आमचाच,” आप्पा म्हणाले. “जरा थांबा.”

त्यांनी स्वतः पैलवानाला शिंगांना धरून वाटेत घातलं. बारक्या पुढे आला होता, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग ते डावीकडे गेले आणि सूनबाईला उजवीकडे बोलावलं.

त्यांनी तळहात पाठीवर ठेवला. तीच पाठ. उलट वर्षभरात आणखी भरली होती. आयुष्यात हाताखाली आलेली सगळ्यांत चांगली पाठ, आणि ती वाईट आहे असं त्यांचा हात काही केल्या म्हणायला तयार नव्हता. त्यांनी कडी उचलली. पाठीचा न्याय पाठीला.

पलीकडे सूनबाईची बोटं मांडीत होती. तिने बघितलं होतं, हे त्यांना कळत होतं. तरी ती थांबली होती. सासऱ्याने एवढ्या हौसेने आणलेला मेंढा, आणि सासरा समोर कडी धरून उभा.

“आप्पा…”

“मला नाही विचारायचं,” ते म्हणाले. “तुझी बाजू तुझी.”

तिने मांडीतून हात काढला आणि ड्रेसला पुसला. पैलवान सरळ पुढे गेला.

“अहो, एवढी पाठ!” मेंढेवाला कळवळला. “वेड लागलंय का? का काढताय?”

“मांडी बघा त्याची.”

मेंढेवाल्याने मांडीवर सणसणीत थाप मारली. “झकास आहे की! मांसच मांस.”

“केस बघा म्हटलं.”

“केसांचं मला काय लोणचं घालायचंय? माझी गिऱ्हाइकं लोकर बघत नाहीत. द्या मला. खाऊनपिऊन सुखात राहील.”

त्याचे दोन मेंढे उतरवले, पण पैलवान ट्रकवर चढायला तयार नव्हता. शेवटी बारक्याने मागून आणि मामांनी बादली वाजवत पुढून त्याला चढवला. मामांना ढुशी बसली आणि ते मेंढेवाल्याशी भांडायला लागले, जणू मेंढा पहिल्यापासून त्याचाच होता.

आप्पा नळावर गेले. लोकरीचं तेल हाताला घट्ट बसलं होतं. साबण नुसताच फिरत होता. ताई मागून आली, पिशवी खांद्याला. तिची बस होती.

“मी अजून रागावलेली आहे,” ती म्हणाली.

“रागाव.”

“मेंढा तुम्ही चुकीचा निवडलात त्याचा नाही राग. मांडी बघायची राहिली, त्याचाही नाही. तिने सरळ विचारलं होतं तुम्हाला. एक शब्द सांगायचा होता, बघितली नाही म्हणून. ती काय ओरडली असती? तिला ओरडायची ताकदसुद्धा नव्हती. का नाही सांगितलंत?”

आप्पांनी नळ बंद केला. हात तसेच ओले ठेवून ते उभे राहिले. या प्रश्नाचं उत्तर ते अकरा महिने शोधत नव्हते. उत्तर त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “उठली की ती स्वतःच बघेल.”

ताईने पिशवी खाली ठेवली.